उजव्या आसनावरचा श्वास

शनिवारी सकाळी विमान बघायला जायचं होतं. डॉ. पद्मजा साळव्यांनी स्वारगेटला अल्ताफ मुजावरांना गाडीत घेतलं आणि सोलापूर रस्त्याला लागल्या. अल्ताफभाईंची तीस वर्षं छोट्या विमानांची इंजिनं उघडण्यात गेलेली. त्यांनी मान डोलावल्याशिवाय सही करायची नाही, हे पद्मजाबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं.

घरी खिल्ली उडवून झाली होती. "सोसायटीत स्कूटर लावायला जागा नाही आणि आमच्या ताई विमान घेताहेत," धाकटी बहीण शैला म्हणाली होती. "लोक निवृत्तीनंतर भिशी लावतात हो."

पद्मजाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. वडिलांचं लोहगावला विमानतळाच्या कुंपणाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढताना डोक्यावरून विमान गेलं की ते हातातलं काम ठेवून वर बघत बसायचे, गिऱ्हाईक खोळंबलं तरी. पुढे मुलगी भूलतज्ज्ञ झाली, तीस वर्षं ऑपरेशन टेबलाच्या उशाशी बसून लोकांचे श्वास मोजत राहिली आणि साठीला टेकल्यावर उडायचा परवाना काढून आली. तोवर वडील नव्हते.

यवतच्या अलीकडे एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची खासगी धावपट्टी आहे. तिच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ते पांढरं विमान. एका पंख्याचं, चार आसनांचं, बावीस वर्षं वापरलेलं. विकणारा आमोद केतकर चाळिशीचा, कोथरूडला राहणारा, सभ्य, बोलायला नेमका. सगळे कागद त्याने फाइलला लावून आणले होते. फक्त तो स्वतः शेडमध्ये आला नाही. गाडीला टेकून उभा राहिला आणि सगळा वेळ रस्त्याकडे बघत होता.

"बाबांचं होतं," तो म्हणाला. "मागच्या वर्षी गेले. झोपेत. मला यातलं काही कळत नाही."

अल्ताफभाईंनी दोन तास विमानाचा कानाकोपरा धुंडाळला. मग पद्मजाबाईंना शेजारी घेऊन एक चक्कर मारून आले. हात पुसत म्हणाले, "मशीन सोन्यासारखं आहे, मॅडम. सांभाळणाऱ्याने जीव लावलाय."

व्यवहार झाला. नाव लागायला दोन महिने गेले. थंडी सुरू झाली, आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं, आणि एका रविवारी दुपारी पद्मजाबाई आपल्या विमानातून पहिल्यांदा एकट्या वर गेल्या.

छोट्या विमानात इंजिनाचा आवाज इतका असतो, की शेजारच्याशी बोलायलाही कानाला हेडफोन लावावा लागतो. तोंडासमोर माइक असतो. त्यावर आवाज पडला, तरच तो दुसऱ्याच्या कानात उमटतो, एरवी शांतता. उजव्या आसनाचा हेडफोन हुकाला अडकवलेला होता. आसन रिकामं होतं. खाली भुलेश्वरचा डोंगर, पलीकडे पुरंदर. पद्मजाबाईंना वडिलांची आठवण आली. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की कानात श्वास ऐकू येतोय.

आपलाच असेल, असं त्यांना वाटलं. पण त्यांचे कान तयारीचे होते. हा श्वास संथ होता, जरासा घोगरा. झोपलेल्या माणसाची जीभ मागे सरकली की येतो तसा. त्यांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला चौदा.

मग त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला.

कानातला चालूच राहिला.

भर दुपार होती. पाच हजार फुटांवर लख्ख ऊन होतं, आसनाच्या कातड्यावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती. तिथे कुणीही नव्हतं. आणि कुणीतरी अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर, शांत श्वास घेत होतं... त्या तशाच वळल्या आणि खाली आल्या. धावपट्टी दिसायच्या आतच आवाज गेला होता.

अल्ताफभाईंनी वायर तपासली, माइक बदलला. "हवेचा आवाज असेल," ते म्हणाले, पण म्हणताना त्यांनी नजर दिली नाही.

पुढच्या रविवारी उजवा हेडफोन उपटून शेडमध्येच ठेवला. दहा मिनिटं काही नाही. अकराव्या मिनिटाला श्वास सुरू झाला. या वेळी पद्मजाबाई लगेच वळल्या नाहीत. भीती वाटत होती, पण भीतीच्या खाली डॉक्टर जागी झाली होती. चौदाचे अकरा झाले. अकराचे आठ. मग श्वास वाढत वाढत गेला, उतरत उतरत आला आणि थांबला. वीस सेकंद काही नाही. पुन्हा सुरू. असा श्वास त्यांनी अतिदक्षता विभागात शेकडो वेळा ऐकला होता. त्यानंतर काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. पस्तिसाव्या मिनिटाला तो थांबला, तो थांबलाच. शेजारी कुणीतरी मेलं होतं आणि त्या नुसत्या बसून राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमोदला सदाशिव पेठेतल्या एका अमृततुल्यात गाठलं. आडवळणं न घेता सगळं सांगितलं. त्याचा चहा तसाच राहिला.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तीन वर्षं झाली. दोघं फिरायला म्हणून वर गेले. वर तिला काहीतरी झालं... हार्ट असावं. धावपट्टी वीस मिनिटांवर होती. पण बाबा उतरलेच नाहीत. दोन तास घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आलं तेव्हा आले. तोवर ती थंड पडली होती."

"का उतरले नाहीत?"

"शंभरदा विचारलं. एकच उत्तर द्यायचे. ते खाली उतरवायचं नव्हतं." त्याने डोळे पुसले. "मी बोलणं टाकलं त्यांच्याशी. शेवटपर्यंत. ते मात्र दर रविवारी एकटेच वर जायचे." मग तो पुढे झुकला. "डॉक्टर, ती सुरुवातीला नीट श्वास घेते म्हणालात ना? म्हणजे त्या वेळी... वेळेवर खाली आणलं तर?"

"आमोद, त्या गेल्या आहेत."

"वैकुंठ स्मशानात मीच अग्नी दिला. माहितीये मला." त्याने हात जोडले. भर दुकानात, लोक बघत असताना. "तरी आणा तिला खाली. एकदा."

अल्ताफभाईंचा सल्ला साधा होता. "विकून टाका, मॅडम. ज्याचा हिशोब त्याच्यापाशी. आपण मध्ये पडू नये."

पद्मजाबाईंना ते पटत होतं. पण आठवडाभर झोप लागली नाही. डोळा लागला की ती वीस सेकंदांची शांतता कानात भरायची. पेशंट टेबलावर असताना भूलतज्ज्ञ उठून जात नाही. ही एकच गोष्ट त्या आयुष्यभर पाळत आल्या होत्या. रविवारी त्या पुन्हा गेल्या.

अकराव्या मिनिटाला श्वास आला. चौदा.

"घाबरू नका," पद्मजाबाई माइकमध्ये म्हणाल्या. टेबलावरच्या माणसाशी बोलावं तसं. "मी डॉक्टर आहे. आपण खाली जातोय."

त्यांनी विमान वळवलं. पुरंदरच्या अंगाने वारा आडवा येत होता, विमान हिंदकळत होतं. बारा... अकरा... "हां, घ्या श्वास. अजून एक." आठवर येईपर्यंत धावपट्टीची करडी रेघ दिसू लागली. त्यांनी वेग उतरवला. आयुष्यात प्रथमच त्यांना वाटलं, आपण जिंकतोय.

जमीन तीनशे फुटांवर आली आणि श्वास बदलला.

घोगरेपणा गेला. आठचे चौदा झाले, चौदाचे तीस. पद्मजाबाई क्षणभर आनंदल्या. मग त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. घाबरलेल्या माणसाचा श्वास त्या ओळखत, दुखणाऱ्याचाही. हा तसला नव्हता. हा घाईचा होता. दार कधी उघडतंय याची वाट बघणाऱ्याचा. त्यांचा हात इंजिनाला जोर द्यायच्या दांड्याकडे गेला. पुन्हा वर जावं, आत्ताच्या आत्ता वर जावं, असं कुणीतरी पोटातून ओरडून सांगत होतं... पण चाकं टेकली होती.

विमान थांबलं. इंजिन बंद झालं. उजवं दार सावकाश उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. वारा तर डावीकडून होता.

शेडपासून धावत आलेले अल्ताफभाई दहा पावलांवरच थबकले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"मॅडम... कोणी दिसलं नाही." ते पुटपुटले. "पण त्या बाजूची चढायची पायरी आहे ना, ती खाली दबली. मग वर आली." त्यांनी धावपट्टीच्या गेटकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. त्या दिवसानंतर ते त्या शेडमध्ये कधी गेले नाहीत.

सोमवारी सकाळी आठला फोन वाजला. आमोद होता. आवाजात असा आनंद, की पद्मजाबाईंना तो क्षणभर ओळखूच आला नाही.

"डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू? आई आली. पहाटे दार वाजलं, उघडलं तर उंबऱ्यात उभी. या ना तुम्ही. ती तुम्हालाच विचारतेय."

त्या कशा गेल्या, रिक्षात किती वेळ लागला, हे त्यांना नंतर आठवेना. कोथरूडच्या जुन्या इमारतीत तिसरा मजला. आमोदने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच पडलीये."

बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. आमोदच्या वडिलांची, आणि शेजारी आईची: ठेंगणी, गुबगुबीत, सत्तरीची बाई. चष्मा, मानेपर्यंत कापलेले पांढरेशुभ्र केस, हसरा चेहरा. आमोदने तिच्यावरचा हार काढून टेबलावर ठेवला होता.

आतल्या पलंगावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. चादर खांद्यापर्यंत ओढलेली. श्वास ऐकू येत होता, संथ, नियमित.

पलंग सहा फुटी असावा. तरी पाय पलंगाबाहेर गेले होते. आणि उशीवरून सुटलेले काळेभोर, ओले केस पलंगाच्या कडेवरून खाली उतरून फरशीवर पसरले होते.

"बघा," आमोद कानाशी कुजबुजला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "जराही बदलली नाही ना?"

पद्मजाबाईंनी बाहेरच्या तसबिरीकडे पाहिलं, मग त्या केसांकडे. नकळत, जन्मभराच्या सवयीने, त्या मनात मोजू लागल्या. एक... दोन... तीन...

चौथ्याला पलंगावरचा श्वास थांबला. कुणीतरी आपल्याला मोजतंय, हे कळल्यासारखा.