मुठीकडून परत

चाकू पोटाच्या दिशेने आला तेव्हा ग्रंथपाल टिपणिसांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. भांडणापासून चार हात लांब राहण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. तरीही त्यांचा डावा हात आपोआप उठला, त्याने समोरचे मनगट बाजूला सारले, उजव्या हाताने ते पिरगाळले, आणि सुरक्षा अधिकारी गायधनी हा आडदांड माणूस मट्कन गुडघ्यावर बसला. रबरी चाकू टिपणिसांच्या हातात होता.

"शाब्बास!" कराटेचे हेरंब सोनटक्के सर ओरडले.

काचेपलीकडचे संचालक टाळ्या वाजवणार, तोच टिपणिसांनी चाकू उलटा फिरवला, मूठ गायधनींकडे केली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी चाकू त्यांना परत दिला.

गायधनींना हुकूम होता की थांबायचे नाही. ते पुन्हा भोसकायला धावले. पुन्हा मनगट, पुन्हा गुडघा, पुन्हा नमस्कार, पुन्हा चाकू परत. असे होता होता गायधनींना धाप लागली. टिपणिसांनी एक डोळा उघडून पाहिले आणि घाबरून परत मिटला. संचालक उठून गेले.

नाशिकच्या त्या चेतासंशोधन केंद्रात डॉक्टर इरावती खांडबहाले यांनी तयार केलेले हे 'प्रतिक्षेप-कवच'. दिसायला साधा अंगरखा आणि पायजमा, पण आतून बारीक तारांचे जाळे. सोनटक्के सरांनी असेच जाळे अंगावर घालून महिनाभर आपला वर्ग घेतला होता. त्यांच्या कोणत्या स्नायूला कधी आणि किती इशारा मिळतो, याचे 'स्नायुलेखन' झाले होते. आता कवचाच्या छातीवरच्या डोळ्याला हल्ला दिसला की तेच इशारे, त्याच क्रमाने, घालणाऱ्याच्या स्नायूंना मिळत. माणूस टिपणिसांसारखा असला तरी हातपाय सोनटक्के सरांचे चालत.

"तुमचं मशीन चुकलं, मॅडम," संध्याकाळी सर म्हणाले.

"मशीन चुकत नाही सर. ते तुमची नक्कल करतं. तुमच्या वर्गात चाकू हिसकावल्यावर काय करतात?"

"काय म्हणजे? मुठीकडून परत देतात. नमस्कार करतात. 'पुन्हा' म्हणतात. शस्त्र फेकायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही, ही माझ्या गुरुजींची शिस्त आहे. आणि परत दिल्याशिवाय दुसऱ्यांदा सराव करणार कशाचा?"

"तेच तर! हल्ला झाल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून आपण सराव करतो. सरावाने हालचालींची एक साखळी लहान मेंदूत बसते. पहिली कडी ओढली की शेवटचीपर्यंत सगळ्या सुटतात. त्या मेंदूला चाकू कळत नाही, चोर कळत नाही. 'हिसकावणे' तुमच्या लेखी कामाचं आणि 'परत देणे' शिष्टाचाराचं. त्याच्या लेखी दोन्ही एकाच साखळीत."

"मग शेवटची कडी कापा की!"

"दुपारी कापून पाहिली. टिपणीस चाकू धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. साखळी पुरी झाल्याशिवाय अंग मोकळं होत नाही. नवी साखळी हवी. तुम्ही वर्षभर वेगळा सराव करा, चाकू परत न देण्याचा. मग पुन्हा लेखन करू."

सोनटक्के सरांच्या मिशा थरथरल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. जे काही होते ते गुरुजींनी दिलेले आणि त्यांनी पुढच्यांना दिलेले. हल्ली तेही देणे अवघड झाले होते. कवच बाजारात येणार म्हटल्यावर घाम गाळायला येतो कोण? वर्गात जेमतेम मूठभर पोरीपोरं उरली होती. उद्या आपण गेलो तरी आपले हात लोकांच्या अंगावर जिवंत राहतील, एवढ्या एका आशेवर त्यांनी ते टोचणारे जाळे महिनाभर सोसले होते. आणि ही बाई गुरुजींची शिस्तच काढून टाका म्हणते!

"मॅडम, सराव वेगळा आणि खरा हल्ला वेगळा. खऱ्या चोराला चाकू परत द्यायला मी काय वेडा आहे?"

"मग बघू या का?" डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमच्यावर हल्ला करवते. कधी, कुठे, कोण, ते सांगणार नाही. चाकू रबरी असेल. तुम्ही परत दिला नाहीत तर माझं शास्त्र चुकलं. कवच आहे तसं ठेवू आणि दोष यंत्रात शोधू. दिलात, तर गुरुजींची शिस्त बदलायची."

"कबूल," सर म्हणाले. "आणि नाही बदलली तर?"

"तर संचालक दुसऱ्या गावच्या सरांचं लेखन करतील. त्यांनी आजच सांगितलंय."

त्या दिवसापासून सोनटक्के सर जागेपणी एका क्षणासाठीही बेसावध राहिले नाहीत. याचा त्रास आधी शेजारच्या वाढदिवसाला झाला. यजमानांनी केक कापायला सुरी उचलली, आणि दुसऱ्या क्षणाला यजमान सोफ्यावर व सुरी सरांच्या खिशात. मिठाईच्या दुकानात बर्फीच्या वड्या पाडणाऱ्या मालकाचे मनगट काउंटरवर दाबले गेले. कोपऱ्यावरचा नारळपाणीवाला तर "मलई काढू का साहेब?" एवढेच विचारत होता.

सरांनी यातले एकही हत्यार परत केले नाही. कपाटाच्या वरच्या खणात ती ओळीने मांडून ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली.

"अहो, नारळवाला दारात उभा आहे," त्यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या. "त्याचा कोयता तेवढा द्या."

"परत? मी? कदापि नाही!"

"आणि माझी विळी?"

"तू ती माझ्या दिशेने सरकवलीस."

"घरातला केर निघावा म्हणून सरकवली! आता काकडी काय दातांनी चोचवू?" नलिनीबाई कडाडल्या. त्या दिवशी ताटात अख्खी काकडी आली. सरांनी ती मुकाट्याने खाल्ली, पण मनातून ते खूश होते. इतक्या वेळा हिसकावले आणि एकदाही परत दिले नाही. शास्त्राचा निकाल लागल्यात जमा होता.

आठवड्याअखेरीस गंगापूर रस्त्याकडच्या जॉगिंग ट्रॅकवर ते सकाळचे फिरत असताना झाडामागून तोंडाला रुमाल बांधलेला एक जण पुढे आला. हातात चाकू.

"घड्याळ काढ! पाकीट काढ!"

"आलात?" सरांचा चेहरा खुलला. "किती वाट पाहायला लावलीत हो!"

चोर गोंधळला, तरी त्याने चाकू पुढे केला. मनगट, पीळ, गुडघा. सर चाकू हातात घेऊन उभे राहिले. त्यांचा हात मूठ फिरवायला किंचित वळला, पण त्यांनी तो दातओठ खाऊन आवरला.

"मॅडमना सांगा, सोनटक्के जिंकले! आणि तुम्ही वार करताना खांदा फार आधी उचलता. सुधारा."

"कोण मॅडम?" चोर म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता वाट फुटेल तिकडे पळाला.

सर तडक केंद्रावर गेले. डॉक्टर चहा गाळत होत्या. सरांनी चाकू टेबलावर ठेवला आणि घडलेले सगळे सांगितले, चोराच्या खांद्यासकट. डॉक्टरांनी चाकू उचलला, बोट लावून पाहिले आणि झटकन बोट मागे घेतले. बोटावर रक्ताचा थेंब होता.

"सर, हा पोलादी आहे."

"म्हणजे?"

"मी अजून कोणाला पाठवलेलंच नाही."

सरांना काय झाले ते कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा ते समोरच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी गायधनींना बोलावून तो चाकू पोलिसांकडे पाठवला, सरांच्या हातात चहाची बशी दिली, पुढ्यात बिस्किटे ठेवली.

"मी हरले म्हणायचं, सर. खरा चोर, खरा चाकू, आणि तुम्ही परत दिला नाहीत."

"तसं नाही, मॅडम," सर उदार झाले. भीती ओसरली होती आणि तिच्या जागी गोड थकवा आला होता. "तुमचंही शास्त्र असेलच काहीतरी. पण गुरुजी म्हणजे गुरुजी. एकदा काय झालं, पावसात मैदानावर…" त्यांनी बशी टेबलावर ठेवली, बिस्किट चहात बुडवले, आणि गुरुजींच्या आठवणीत हरवून गेले.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून रबरी चाकू काढला आणि टेबलाला वळसा घालून सरळ त्यांच्या बरगडीवर धरून चाल केली.

बिस्किट चहात पडले. मनगट, पीळ. डॉक्टरांचा गुडघा जमिनीला टेकला. सर उभे होते. त्यांनी चाकू फिरवला, मूठ डॉक्टरांकडे केली, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी चाकू पुढे केला.

"पुन्हा," ते म्हणाले. "कोपर आत ठेवा."

मग त्यांनी आपल्या पुढे केलेल्या हातांकडे पाहिले.

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. त्यांना जिंकल्याचा आनंद मुळीच झाला नव्हता.

"सावध असताना तुम्ही सवयीला आवरता, सर. आठवडाभर तेच केलंत. पण चोर दर वेळी सावध माणसावरच येतो असं नाही."

"हा खरा असता तर?"

"तर मी दुसऱ्यांदा भोसकलं असतं."

सर खुर्चीत बसले. स्वतःच्या जिवाचे त्यांना काही वाटले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्गातल्या पोरी आल्या. इतक्या वर्षांत शिकून गेलेल्या, आता कुठे कुठे नोकरीला असलेल्या, रात्रीच्या रिक्षाने घरी जाणाऱ्या. प्रत्येकीची मूठ त्यांनी स्वतः फिरवून दाखवली होती. 'नीट वाक, दोन्ही हातांनी दे' म्हणून दटावले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

"सगळ्यांना परत बोलावतो," ते म्हणाले. "फुकट शिकवतो. काय करायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सरांनी गुरुजींच्या तसबिरीपुढे हात जोडले, माफी मागितली आणि नवा सराव सुरू केला. चाकू हिसकावायचा, लांब फेकायचा, आणि बोंब मारत पळत सुटायचे. सभागृहाच्या दारातून बाहेर, रस्त्याच्या कडेने, माणसांची वर्दळ असलेल्या चौकापर्यंत. शस्त्र फेकताना सरांच्या जिवावर यायचे. पळताना तर लाजेने कान तापायचे, कारण आजवर त्यांनी पाठ कोणाला दाखवली नव्हती. पण जुन्या विद्यार्थिनी खरोखरच परत आल्या, कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी मुलीला बरोबर घेऊन, आणि पन्नाशी उलटलेले सर सगळ्यांच्या पुढे बोंबलत पळताना पाहून त्यांना इतके हसू यायचे की वर्ग परत भरू लागला. चौकात पोहोचल्यावर सगळ्यांनाच कडकडून भूक लागलेली असे.

वर्षाने पुन्हा लेखन झाले. पुन्हा संचालक काचेपलीकडे बसले, पुन्हा टिपणिसांनी डोळे मिटले, पुन्हा गायधनी धावून आले.

मनगट, पीळ, गुडघा. सोनटक्के सरांनी श्वास रोखला. टिपणिसांचा हात मागे गेला आणि चाकू उघड्या खिडकीतून बाहेर भिरकावला गेला. बोंब मारण्याची सोय कवचात नव्हती, पण ती टिपणिसांनी घाबरून स्वतःच मारली. मग ते वळले आणि पळत सुटले. दारातून बाहेर, हिरवळीवरून, फाटकातून.

संचालक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एकाने तर सरांना मिठीच मारली. 'सोनटक्के कवच' हे नाव तिथल्या तिथे मंजूर झाले.

डॉक्टर मात्र पडद्याकडे पाहत होत्या. "साखळी अजून संपलेली नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात कवचातल्या ध्वनिवाहकावरून टिपणिसांचा आवाज आला. तो रडवेला होता आणि तोंडात घास असावा तसा येत होता.

"मॅडम! मी फाटकाजवळच्या मिसळवाल्याकडे आहे. हात आपोआप पुढे होतायत! पाव मोडतायत, बुडवतायत, तोंडात घालतायत! मला तिखट अजिबात चालत नाही हो!"

संचालकांच्या टाळ्या थांबल्या. डॉक्टरांनी सावकाश मान वळवून सरांकडे पाहिले. सरांनी खाली मान घातली.

"चौकात मिसळीची गाडी आहे," ते पुटपुटले. "वर्षभर पळून झाल्यावर… सगळ्यांना भूक लागायची."

"रोज?"

"रोज."

ध्वनिवाहकातून ठसका ऐकू आला. सर पुढे झाले, बोलण्याच्या जाळीजवळ तोंड नेले आणि वर्गात चुकलेल्या मुलाला धीर द्यावा तशा आवाजात म्हणाले, "टिपणीस, घाबरू नका. रस्सा किती वेळा घेतलात?"

"दोनदा!"

"मग आता एकदाच राहिला. तो संपला की सुटाल."