सगळ्या गावाचा पासवर्ड

"ताई, संध्याकाळी सहापर्यंत माणूस शोधून द्या. न्हाईतर माझी नोकरी गेली आणि अब्रूबी."

सांगलीतल्या जिन्यावरच्या त्या ऑफिसात भाग्यश्री उभ्यानंच बोलत होती. सकाळचे साडेआठ वाजले होते.

क्रांती जगदाळे लग्नाआधीच्या चौकशा करून पोट भरते. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलेलं का, असली कामं. लोक तिला नावं ठेवतात आणि मागच्या दारानं तिच्याकडंच येतात. तिचा जोडीदार धनाजी सैन्यातला निवृत्त हवालदार. डोकं आहे, पण चालायला वेळ लागतो.

"बस आणि पहिल्यापासून सांग," क्रांती म्हणाली.

आष्ट्याची भाग्यश्री इंटरनेटवर 'काय बघू, कुठं बघू' नावाचं पान चालवत होती. कोरियन, चिनी मालिका आणि जपानी ॲनिमे कार्टून कुठल्या ॲपवर बघावं, हिंदीत आहे का, हे ती मराठीत सांगायची. चोरट्या साइटचं नावही घ्यायची नाही. साठ हजार लोकांचा तिच्यावर भरवसा होता. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीही देऊ केली होती.

आणि काल, रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, तिच्याच पानावर चोरट्या साइटची लिंक पडली. 'फुकटात सगळं बघा.' शेकडो लोकांनी दाबली. फोनवर घाण जाहिराती आल्या, फोन अडकले. आता कंपनी म्हणते, कुणी केलं ते नावासकट कळवा, नाहीतर विषय संपला.

"पोस्ट घरातल्या जुन्या टॅबवरनं गेलीय. त्यात माझ्या पानाचं खातं कायम उघडं असतं. घराला कुलूप होतं. आमी सगळी गावातच बस्तीत, जैन देवळात, पूजेला गेलेलो. किल्ली खिडकीच्या चौकटीवर असती. घराबाहेरच्या दोघांना ठाऊक हाय. माझी मैत्रीण संयोगिता आणि ॲनिमेचं पान चालवणारा शिवतेज."

"आणि घरातल्या?"

"आई-आप्पा. आणि दादा, पारस."

धनाजी खाकरला. "ताई, माझ्या पोरीला त्या कोरियनचं लय याड हाय. कुठलं ॲप घिऊ?"

"हवालदार, आत्ता?" क्रांती म्हणाली.

पण भाग्यश्रीनं डोळे पुसले आणि फोन पुढं केला. "हे घ्या. मीबी हेच वापरते. जाहिराती न्हाईत, हिंदी भरपूर. फकस्त एका वेळी दोनच ठिकाणी चालतं, तिसऱ्याला हाकलतं. पानावर पैल्याच ओळीत लिवलंय मी."

"आमी घरात बघणारी दोनच," धनाजी खूश झाला.

कोरेगावात संयोगितानं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"पान आमी दोघींनी काढलं. लिवलं मी, फोटो तिचा. पेपरात नाव तिचं, पुण्याची नोकरी तिला. जळणार न्हाई तर काय करणार? पण मी न्हाई केलं. काल तीन ते पाच आत्याबरोबर टीव्हीवर मालिका बघत हुते."

"ॲप कुणाच्या खात्यावर?"

संयोगिता दार लोटायला लागली. आतून तिची आत्या बनुबाई ओरडली, "त्या भाग्यश्रीच्याच! फुकटचं बघतीया आनि तिलाच शिव्या घालतीया! आवं, लग्नाचा भाग हुता. मी डोळ्याचं पानी पुसत हुते आनि ही सांगत हुती, ह्यो पोरगा पुढं मरतूय म्हणून. सगळी मजा घालीवली माझी."

कडेगावात शिवतेज त्याहून मोकळा निघाला. "तिचं पान बुडालं तर पेढं वाटीन. माझं ॲनिमेचं पान तिच्यामुळं कोण बघत न्हाई. पण काल दुपारी अडीच ते चार मी टीव्हीपुढं हुतो. आईला इचारा. तिची कीर्तनाची वेळ मी खाल्ली म्हणून अजून बोलत न्हाई माझ्याशी."

"खातं कुणाचं?"

"तिचंच." तो निर्लज्जपणे हसला. "दोन वर्सं झाली. हेवा येगळा, पासवर्ड येगळा."

त्याच्या आईनं हो म्हणून मान हलवली आणि पोराकडं न बघता आत गेली.

आष्ट्याला पोचेपर्यंत चार वाजले. भाग्यश्रीच्या वडिलांचं, तवनाप्पांचं, किराणा दुकान घराला लागूनच. गल्ल्याच्या वर भाग्यश्रीचं पेपरात आलेलं कात्रण चौकटीत लावलेलं. त्याखाली पारस साखर तोलत होता.

"मला पूजेत बसवत न्हवतं," तो म्हणाला. "तीन ते चार बस्तीच्या आवारात गाडीत पडून मोबाइलवर मालिका बघितली. भागीच्याच खात्यावर."

"आधी उतरवून घेतलेली?"

"फोनात जागा कुठाय? थेट नेटवर."

"मधे अडकली?"

"एकदाबी न्हाई. सलग बघितली."

तवनाप्पा पुढं आले. "मी बस्तीच्या पायरीवर हुतो. काचंला पडदं हुतं, पण गाडी जागची हलली न्हाई. पोरावर संशय नगो."

धनाजी कुजबुजला, "मॅडम, तिघंबी सुटली की!"

"उलट, एक सापडला. सगळ्यांना आत बोलवा."

बाहेरच्या सोप्यात तवनाप्पा, भाग्यश्रीची आई गुणमालाबाई, पारस आणि भाग्यश्री बसले. घड्याळात पाच वाजून गेले होते.

"तीन वाजून दहा मिनिटांनी," क्रांती म्हणाली, "कोरेगावात संयोगिताचा टीव्ही चालू होता, साक्षीला बनुबाई. कडेगावात शिवतेजचा चालू होता, साक्षीला त्याची आई. दोन्ही टीव्ही भाग्यश्रीच्या खात्यावर. हवालदार, ते ॲप किती ठिकाणी चालतं?"

धनाजीचं तोंड उघडं राहिलं. "दोन. तिसऱ्याला हाकलतं."

"पारस म्हणतो, तिसरी मालिका त्याच्या फोनवर चालली. तासभर. न अडकता. थेट नेटवर."

"पण गाडी..." तवनाप्पा म्हणाले.

"गाडी हलली नाही, काका. पारस हलला. पडद्याआडून पलीकडच्या दारानं उतरला. बस्ती ते घर चालत किती?"

"सात-आठ मिनिटं," गुणमालाबाई हळू म्हणाल्या.

"अख्खं गाव त्या खात्यावर बघतं, म्हणून त्यानंही तेच सांगितलं. पण तो कधी बघतच नाही. बघत असता तर कधीतरी हाकलला गेला असता. पारस, बहिणीच्या पानाची पहिली ओळ वाचली असतीस तरी ही थाप मारली नसतीस."

पारस उठला. "का वाचू? बारा वर्सं पोती उचलतोय मी! आप्पांनी कवा एका गिऱ्हाइकाला सांगितलं का, ह्यो माझा पोरगा म्हणून? हिनं बसल्या जागी टीव्ही बघायचा आणि हिचं कात्रण माझ्याच डोक्यावर! रोज! दिवसभर!"

"मग आप्पांशी भांडायचं हुतंस, दादा," भाग्यश्री म्हणाली. "माझं घर का जाळलंस?"



तवनाप्पांनी पोरीपुढं हात जोडले. "भागे, घरातली गोष्ट हाय. कुणीतरी अनोळखी म्हणून लिव. त्याचं लगीन ठरवायचंय. बस्तीत तोंड कसं दाखवू?"

"आणि मी साठ हजारांना कसं दाखवू, आप्पा?"

तिनं फोन घेतला. पारसचं नाव टाइप केलं. मेल गेला. पाच मिनिटांत पुण्याहून फोन आला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मिळाला तुमचा मेल," पलीकडून बाई म्हणाल्या. "नाव दिलंत, बरं केलंत. आता हे बाहेर जाहीर करावं लागेल, चालेल? हा पारस कोण तुमचा?"

गुणमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. तवनाप्पा मान हलवून नको नको म्हणत होते.

"सख्खा भाऊ," भाग्यश्री म्हणाली. "करा जाहीर."