सहा वेळा खट्

सांगलीच्या एसटी स्टँडपासून चार दुकानं अलीकडे, भर फुटपाथवर, एक माणूस हवेत बसून भडंग खात होता.

अगदी हवेत नव्हे म्हणा. त्याच्याखाली चांदीसारखं चकाकणारं कसलंसं टेबल होतं. माया त्याच्याकडे बघत बघत चालली, आणि चालताना वर बघितलं की जे व्हायचं तेच झालं. टेबलाच्या पायात तिची पिशवी अडकली, आतला जेवणाचा रिकामा डबा निसटला आणि खणखणत गटाराकडे निघाला.

त्या माणसानं टुणकन उडी मारली आणि काठावरच डबा अडवला.

"लागलं का?"

"मला नाही," माया म्हणाली. "तुमच्या टेबलाला विचारा."

"टेबल न्हाई हो, शिडी हाय ही." त्यानं डबा शर्टाला पुसून तिच्या हातात दिला. "घडीची शिडी, ॲल्युमिनियमची. पुण्याहून आणली. दोन महिने झाले, कुणी विश्वासच ठेवत न्हाई. म्हणून तात्याबा म्हणाले, वर बसून दाखव."

तात्याबा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. आत पंख्याखाली ते पेपर वाचत होते. हा त्यांच्याकडचा प्रबुद्ध. आयटीआयचा फिटर, बोलायला गोड, हसला की डाव्या गालाला खळी पडणारा. खळी मायाला दिसली नव्हती असं ती पुढे बरेच दिवस सांगत होती. आपण ऐकून घ्यायचं.

"घरी बांधकाम चालू आहे आमच्या," ती म्हणाली. खरं तर तिला इस्लामपूरची गाडी पकडायची होती. पण सत्त्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात तिचं सगळं डोकं भिंती, चुना आणि शिडी याच तीन गोष्टींनी भरलेलं होतं.

मग काय! प्रबुद्धनं शिडी उलगडली, दुमडली, उभी केली, आडवी केली. सरळ केली की भिंतीला लावायची. मधोमध मोडली की रंगाऱ्यांचा घोडा. दोन्ही टोकं खाली वळवून वर फळी टाकली की अशी बैठक... परांचीसारखी. प्रत्येक वेळी बिजागरीचे खटके बसत होते, खट्, खट्.

"ही मोठी, सोळा फुटी. ही धाकटी, बारा फुटी. चढणार कोण?"

"वडील."

"वय?"

"बासष्ट."

"वजन?"

"असेल... ऐंशी-पंच्याऐंशी."

"मग मोठी न्या. दणकट हाय."

मायानं मोठी शिडी उचलून बघितली. बघितली म्हणजे, शिडीनंच तिला थोडं इकडून तिकडे नेऊन बघितलं. प्रबुद्ध तिच्या हातांकडे बघत होता.

"तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

"प्राथमिक शाळेत शिकवते."

"मग बाई, ही बोटं सिमेंटनं खाल्लीत. खडूनं असं होत न्हाई." आवाज एकदम हळू झाला होता. "वडलांना घेऊन या. चढणाऱ्याला बघितल्याबिगर मी शिडी देत न्हाई."

"ते मिरजेला आहेत. दवाखान्यात."

"बरं... म्हणजे चढणार तुम्ही."

मायानं पदराखाली बोटं लपवली. पण एकदा वाक्य सुरू झाल्यावर ते थांबेना.

आप्पासाहेब भिंगारदिवे, तिचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शनीतून इस्लामपूरला दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं आणि गिलाव्याला पाणी मारायला स्वतः बांबूच्या शिडीवर चढले. पायरीची सुंभाची गाठ सुटली. मांडीचं हाड मोडलं. हाडाबरोबर मनही मोडलं. आता तीन आठवड्यांनी प्लास्टर काढणार होते. साताऱ्याचा थोरला भाऊ नाथाजी म्हणत होता, आप्पांना मी कायमचं माझ्याकडे नेतो, ते अर्धं घर विकून टाकू. आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "खोली पुरी झाली असंल तर येतो. न्हाईतर जातो साताऱ्याला. पडक्यात पडून ऱ्हायला मी काय घूस हाय?"

गवंडी ज्योतिबा राहिलेला गिलावा करून दुसऱ्या कामावर निघून गेला होता. भिंतींना पाणी, चुना, रंग, सगळं बाकी होतं. लग्नसराईत रंगारी मिळेना. मग माया पदर खोचून स्वतःच चढली, त्याच बांबूच्या शिडीवर, नवी गाठ मारून. गंमत बघा, बिगारी बायका डोक्यावर घमेलं घेऊन स्लॅबवर चढतात तेव्हा कुणी मान वर करत नाही. पण शाळेतल्या बाई शिडीवर चढल्या, तर सगळी आळी चहाचे कप घेऊन ओट्यावर!

"तुम्ही पण हसा," माया म्हणाली.

प्रबुद्ध हसला नाही. त्यानं मोठी शिडी बाजूला सारली आणि धाकटी पुढे ओढली.

"ही घ्या. उचला बघू."

उचलली. चक्क उचलली!

"पण पोचेल का?"

"छत किती? दहा फूट? तुम्ही पाच. फळीवर उभ्या राहिलात, हात वर केला, हातात कुंचला... पोचलं की. तुम्हाला उंच शिडी नको बाई, पाय ठेवायला रुंद जागा पाहिजे." मग त्यानं खटक्यावर बोट ठेवलं. "आता नीट ऐका. बिजागऱ्या सहा. सहा वेळा खट् आवाज आला पाहिजे. पाच आले तर चढायचं न्हाई. परीक्षा हाय असं समजा."

"नापास झाले तर?"

"तर मी येणार की शिकवायला," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... दर गुरुवारी आमचा टेम्पो इस्लामपूरला येतो. माल घेऊन."

ती खळी... छे, दिसली नव्हती तिला.

शिडी घरी आली तेव्हा शेजारच्या रंगुबाई बघायला आल्या. "अगं बया, जर्मनची शिडी? चपटंल की गं! भगुणं चपटतंय तशी."

चपटली नाही. खोलीच्या मधोमध माया त्या बैठकीवर उभी राहिली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच कशालाही न धरता तिनं दोन्ही हात वर केले. रोज सकाळी खटके मोजायचे, चढायचं, पाणी मारायचं. ओल्या सिमेंटचा तो वास, रांजणातल्या पाण्यासारखा, दिवसभर केसांत राहायचा.

पहिल्या गुरुवारी टेम्पो आला. प्रबुद्ध बिजागऱ्यांत तेल घालून गेला. चहा घेतला, छताकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही. इतक्या काळजीनं बघितलं नाही, की मायाला ते कळलंच.

दुसऱ्या गुरुवारी ती बाहेरच्या भिंतीवर होती. शिडी सरळ करून लावलेली, ती नऊ फुटांवर, हातात पाण्याची नळी. मागून चपलांचा आवाज आला.

"बाई."

"आलात? थांबा, एवढा कोपरा..."

"बाई, खाली या. हळू. नळी राहू द्या तिथंच."

आवाज अगदी साधा. पण मायानं खाली बघितलं तर हा शिडीला चिकटून उभा. दोन्ही हातांनी मधल्या दोन्ही बिजागऱ्या गच्च धरलेल्या. वरून नळीचं पाणी थेट त्याच्या डोक्यावर धो धो पडतंय आणि हा पठ्ठ्या हलत नाही.

"अहो, भिजताय! बाजूला व्हा की!"

"ऊन लय हाय. बरं वाटतंय. तुम्ही या."

काय माणूस आहे, असं म्हणत, हसू दाबत, ती एकेक पायरी उतरली. मधल्या पायरीवर तिची टाच त्याच्या बोटांवर पडली. त्यानं बोटं काढली नाहीत. ती आणखी खाली आली... त्याच्या दोन हातांच्या मधून, त्याच्या भिजलेल्या शर्टाला निसटता खांदा लागला... आणि पाय जमिनीला टेकले.

"झालात बाजूला?"

"झाले."

मग त्यानं हात सोडले. शिडी मधोमध मोडली आणि भिंतीवरून घसरत खाली आली.

मायानं वाकून बघितलं. बिजागरीच्या फटीत सिमेंटचं वाळलेलं राबडं अडकलं होतं. खटका अर्धाच बसला होता.

"किती वेळा खट् झालं होतं सकाळी?" त्यानं विचारलं.

"पाच... आणि अर्धा," माया म्हणाली. "रंगुबाई बोलत होत्या मध्ये. मला वाटलं, झालं असेल."

ती वाट बघत होती ओरडण्याची. बायकांचं काम नव्हे हे, उतरा आता, मी माणूस पाठवतो... सगळे हेच म्हणत होते. प्रबुद्धनं मात्र खिशातून खिळा काढला, खाली बसला आणि फट कोरायला लागला. खिळा हातात ठरत नव्हता. दोनदा पडला.

"ओरडला का नाहीत?" तिनं विचारलं.

"दचकला असता की तुम्ही." तो खालीच बघत होता. डोक्यावरून पाणी निथळत होतं. "आता ओरडू का?"

"ओरडा."

"आता येत न्हाई. घशाला कोरड पडलीय."

एवढं पाणी अंगावर घेऊन घशाला कोरड! मायाला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. त्यानं मान वर केली तेव्हा तीही खाली बसली होती, त्याच्या समोर, चिखलात. तिनं त्याच्या हातातला खिळा घेतला आणि दुसरी फट कोरायला लागली.

"आणा. तुमचा हात थरथरतोय."

"तुमचा न्हाई?"

"माझाही. पण मला सवय आहे."

त्यानंतर टेम्पो गुरुवारशिवाय इतरही दिवशी यायला लागला. कधी टेम्पो नसायचा, नुसता प्रबुद्धच असायचा, एसटीनं आलेला. ती वर, तो खाली चुन्याची बादली देतोय. कधी तो वर. "बिजागरी तपासायला आलो," हे ठरलेलं वाक्य. रंगुबाई ओट्यावरून म्हणायच्या, "लय नाजूक निघाली गं तुझी बिजागरी!"

आप्पांचं प्लास्टर निघालं, आणि शनिवारी सकाळी नाथाजीची जीप दारात उभी राहिली.

मागच्या सीटवर आप्पांची फौजेतली ट्रंक होती. नाथाजीनं ती उतरवली नाही. "बघून घेऊ दे म्हाताऱ्याला," तो बहिणीला हळूच म्हणाला, "मग जाऊ साताऱ्याला. तूबी बदलीचा अर्ज टाक."

आप्पा कुबड्या टेकत आत आले. माया दाराशीच थांबली. आकाशी भिंती, पांढरं छत, समोर बुद्धाची तसबीर. आप्पांनी भिंतीला तळवा लावला आणि तसाच फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले. मग मान वर.

"रंगारी कोण?"

"मी, आप्पा."

"वर कोण चढलं?"

"मीच."

बाहेर जीपचं इंजिन अजून चालूच होतं.

"त्या कोपऱ्यात हात कमी पडलाय," आप्पा म्हणाले. कॉटवर बसले. कुबड्या भिंतीला टेकवायला गेले, मग रंगाला लागतील म्हणून खाली जमिनीवर ठेवल्या. "नाथा, इंजिन बंद कर. ट्रंक आण माझी आत."

माया दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गेले तीन आठवडे आपण पुरता श्वासच घेतला नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

ट्रंकेमागोमाग दारात प्रबुद्ध. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, हातात भडंगाचा पुडा.

"जयभीम आप्पा. मी ते... शिडीची बिजागरी..."

"जयभीम." आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रंगुबाईंचा ओटा वाटेतच पडतो, आणि जीप तिथं पाच मिनिटं थांबली होती. "टेम्पो गुरुवारी येतो म्हणं. आज शनवार हाय."

"व्हय."

"मग शिडी बघायला आलास?"

प्रबुद्धनं एकदा मायाकडे बघितलं. ह्या वेळी चोरून नाही.

"न्हाई आप्पा. शिडी चांगली हाय. मागच्या चार वेळाबी चांगलीच हुती."

आप्पा एकदम छताकडे बघायला लागले, जणू तो कमी पडलेला हात मोजायचाच होता.

प्रबुद्ध तिच्याजवळ आला. "माया," तो म्हणाला. बाई नाही, नुसतं माया. "आप्पांना विचारणार हाय. पण आधी तुला. तू न्हाई म्हणालीस तर पुडा ठेवून जातो. राग न्हाई. शिडीवर जीव तेवढा सांभाळ."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर... तर काय, माहीत न्हाई. तिथपर्यंत पाठच केलं न्हाई मी."

मायानं त्याच्या हातातून पुडा घेतला. घेताना बोटं बोटांना लागली, दोघांचीही सारखीच खरखरीत.

"मग विचारा की आप्पांना," ती म्हणाली. "ते काही झोपलेले नाहीत."

"ऐकलंय मी," छताकडे बघतच आप्पा म्हणाले. "बसा दोघंबी. नाथा, परात आण रं, आन् चार कांदे चीर. सगळ्यांनीच खाऊ."