ठिपका कुठे थांबला

हँडबॉलच्या सरावात पहिल्याच दिवशी त्या डावखुऱ्या पोरीच्या चेंडूने त्याच्या हातातला चहा उडवला. गोलामागे कुणी वायरी सोडवत बसलं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि जाळ्याला भोक आहे हे त्याच्या. शर्ट झटकत तो म्हणाला, "नेम चांगला आहे. कुठे बघून मारता?"

"तुमच्याकडे नक्कीच नाही," ती फणकारली.

तो आला होता नजरेचा अभ्यास करायला. त्याच्याकडे एक चष्मा होता. तो घालून माणूस जिथे बघेल तिथे पडद्यावर हिरवा ठिपका दिसायचा. हँडबॉलची पेनल्टी मारताना खेळाडू नेमकं कुठे बघतात, एवढंच त्याला हवं होतं. शिकलेल्यांना काय काय प्रश्न पडतील, सांगता येत नाही.

बाकीच्या पोरींनी हौसेने चष्मा चढवला. हिला मात्र घाम फुटला. पेनल्टीच्या सात मीटरच्या रेघेवरून ती सहसा चुकत नसे, आणि का, ते तिने सख्ख्या मावशीलाही सांगितलं नव्हतं — मावशी संघाची प्रशिक्षक असूनही. ते उद्या छापून आलं की साऱ्या गोलकीपर शहाण्या होणार.

म्हणून चष्मा लावल्यावर ती मुद्दाम छताकडे, खांबाकडे, कुठेही बघू लागली. तीन चेंडू वाया गेले.

"डोळे घरी ठेवून आलीस का गं?" मावशी कडाडली. "असंच चाललं तर रविवारच्या सामन्यात पेनल्टी दुसरीला देईन."

सराव संपल्यावर तो जवळ आला. "तुम्ही काहीतरी लपवताय... तुमचा ठिपका खोटं बोलतोय."

ती बुटाच्या नाड्यांशी चाळा करत राहिली. आजवर सगळ्यांनी तिचे गोल पाहिले होते. तिची नजर कुणी पाहिली नव्हती. मग हळूच म्हणाली, "पाय बघते मी. गोलकीपरचा भार ज्या पायावर असतो ना, तो पाय पटकन उचलता येत नाही. चेंडू त्याच बाजूला, खाली."

मग तिच्यादेखत त्याने तिच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या.

"अहो, मेहनत वाया गेली ना तुमची."

"बाकीच्या पोरी आहेत की... तुमचं गुपित तुमच्याकडेच असू दे."

तिच्या मनात काय आलं कोण जाणे. चष्मा उचलून तिने त्याच्याच नाकावर चढवला. "आता तुम्ही व्हा गोलकीपर. बघू तरी, तुम्ही कुठे बघता."

"मला लागलं तर?"

"चहा सांडेन फार तर."

तो हात पसरून उभा राहिला, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. तिने श्वास घेतला, हात मागे नेला... आणि चेंडू खांबावर आपटून दाराकडे घरंगळत गेला.

दोघं पडद्यावर वाकले. ठिपका चेंडूवर नव्हता, तिच्या हातावरही नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो तिच्या चेहऱ्यावर ठाण मांडून बसला होता.

त्याचे कान लाल झाले. "हे यंत्र... कधीकधी चुकतं."

"चुकतं?"

"नाही," तो म्हणाला. "नाही चुकत." मग धीर करून, "पण तू कशी चुकलीस? माझा भार कुठल्या पायावर होता?"

डावा... का उजवा... काही केल्या तिला आठवेना.

"पाय बघायचे राहूनच गेले," ती म्हणाली.

दारात मावशी उभी होती, पायाशी तो चेंडू. दोघांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळून ती म्हणाली, "नेम चुकायचं कारण कळलं एकदाचं. रविवारी पेनल्टी तूच मार. हा मात्र गोलामागे बसणार नाही, माझ्या शेजारी बसेल."