दोरीवरच्या पिशव्या

"अहो, ती पिशवी टाकू नका."

केराचा डबा हातात तसाच धरून अनुपमाने वळून पाहिलं. मुलुंडच्या त्यांच्या चाळीमागे, कचराकुंडीपाशी, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण चिमट्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचत होता.

"भंगारवालासुद्धा घेत नाही ही," ती म्हणाली.

"म्हणून तर मला हवीय. बंद टाकीत तापवायची, वाफ थंड करायची... की तेल मिळतं. डिझेलसारखं."

"आणि मुलींना असं रोज अडवता?"

"छे... आज पहिल्यांदाच." तो कानापर्यंत लाल झाला. अनुपमाला ते फारच आवडलं.

हा विद्याधर, इंजिनदुरुस्तीवाला. मागची शेड त्याने नुकतीच भाड्याने घेतली होती. त्या दिवसापासून अनुपमाच्या घरात केर जरा जास्तच निघू लागला आणि 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंही नाही.

पण टाकीच्या वासाने चाळ वैतागली. चाळीचे सेक्रेटरी म्हणजे अनुपमाचे वडील, नाना. त्यांनी बजावलं, "रविवारी चाळीचा पाण्याचा पंप त्या तेलावर चालवून दाखव. नाहीतर शेड खाली कर."

शुक्रवारी चाचणीसाठी पंपाला जोडलेल्या इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. तेलात पाणी उतरलं होतं.

"घाईत ओल्याच पिशव्या भरल्या मी," विद्याधर म्हणाला. "वाट लागली, अनु."

तो गेला तर... पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवतो ना आपण? तशाच याही वाळवू. माझ्या दोरीवर."

"तुझ्या गॅलरीत? अख्खी चाळ बघेल गं."

"बघू दे की."

शनिवारी सकाळी सेक्रेटरींच्या गॅलरीत साड्यांऐवजी लोकांचा कचरा फडफडत होता. जाणारा-येणारा वर बघून गालात हसत होता. अनुपमा मात्र ताठ मानेने चिमटे लावत होती.

रविवारी पंप धडधडला आणि वरच्या टाकीत पाणी पडू लागलं. नानांनी आधी पंपाकडे पाहिलं, मग गॅलरीकडे.

"शेड राहू दे," ते म्हणाले. "पण यापुढे पिशव्या स्वतःच्या दोरीवर वाळव."

"माझ्याकडे दोरी नाही, नाना..." विद्याधर अनुपमाकडे बघत म्हणाला.

"माझी आहे ना," अनुपमा म्हणाली. "दोरीसकट येते मी."