चार हातांचं अंतर

इम्पेरिया आणि बास्त्यान यांचं लग्न झालं. मुलगा झाला, त्याला आईचं नाक आलं, सगळं आटोपलं. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. कारण त्या सकाळी पावाची टोपली घेऊन ती कठड्यापाशी आली, तेव्हा इम्पेरियालाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

व्हॅलेटाच्या बंदरात परमुलखातलं जहाज आलं की प्लेगच्या धास्तीनं खलाशांना चाळीस दिवस आवारात कोंडत. अलीकडे एक कठडा, पलीकडे एक, मध्ये चार हातांची मोकळी जागा आणि त्या जागेत झेप्पीकाका नावाचे पहारेकरी. पाव लांब दांड्याच्या फळीवरून पलीकडे जायचा.

त्या सकाळी इम्पेरिया फळीवर पाव ठेवत होती, तेवढ्यात वारा सुटला. पलीकडून एक टोपी उडाली नि इम्पेरियाच्या पायांशी पडली. ती वाकली—

"हात लावू नकोस!" झेप्पीकाका किंचाळले. त्यांनी टोपी चिमट्यानं उचलली, गंधकाची धुरी दिली आणि मेल्या उंदरासारखी लांब धरून मालकाला परत केली.

मालक म्हणजे बास्त्यान. गोझो बेटावरचा, शिडं शिवणारा, उन्हानं रापलेला. टोपी घालून तो खोकला.

"खोकलास?" काका दोन पावलं मागं सरले.

"तुमच्या धुरामुळं!"

इम्पेरिया हसली. तिथंच घोटाळा झाला.

त्या दिवसापासून बास्त्यानला भलतीच भूक लागू लागली.

"आज... छान दिसतेयस," एकदा तो पुटपुटला.

"काय?"

"छान दिसतेयस!"

"वाऱ्यात ऐकू येत नाही!"

"तू छान दिसतेस म्हणतोय तो!" काका ओरडले. "आता पाव दे."

"दिसतेच मुळी!" तटावर धुणं वाळत घालणाऱ्या बायकांनी वरून दुजोरा दिला.

इम्पेरियानं डोक्यावरची काळी ओढणी पुढं ओढली. खरं तर तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

मग तो दिवस आला.

"उद्या सुटतोय," बास्त्यान म्हणाला. "परवा जहाज जेनोवाला..."

"मग? जा की."

"जाऊ?"

"मला काय विचारतोस? तुझ्या शिडाला विचार—"

पुढचं तिला बोलवेना. तिनं टोपली खाली ठेवली, वाकून कठड्याखालून शिरली, काकांच्या काखेखालून निसटली आणि त्याचा हात घट्ट धरला. तळव्याला सुईचे घट्टे होते. ऊबही होती...

"अगं ए कार्टे! भर आता चाळीस दिवस!"

"भरते. त्याचेही नव्यानं चाळीस ना, काका?"

"त्याचे कशाला? तो निरोगी आहे, उद्या सुटणार."

"तो निरोगी, तर मला काय होणार?"

"तो उद्या निरोगी होणार. तू आज धरलास."

इम्पेरियाचं तोंड एवढंसं झालं. त्याला अडवायला गेली आणि स्वतःच अडकली.

तिसऱ्या दिवशी जहाजानं शिडं उभारली. ती आतल्या कठड्याला टेकून बघत राहिली.

"धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

धूर नव्हता. काकांनी मुकाट्यानं थोडं गंधक पेटवलं.

धूर विरला, तर बाहेरच्या कठड्याशी बास्त्यान!

"जहाज?"

"गेलं."

"तुझी पेटी?"

"तीही गेली."

"आणि तू...?"

"मला तू आवडतेस!" वारा पडला होता, तरी तो ओरडला. तटावर एकीच्या हातून ओली चादर सुटली.

इम्पेरिया लाल झाली. "मग... तिकडं काय करतोयस?"

तो वाकून आत शिरला. या खेपेला काका जहाज बघत होते. वळले, तोवर हातात हात गेला होता.

"अरे, तुझ्यापासून तिला लागण होईल म्हणून तिला कोंडलं. आता तिच्यापासून तुला?"

"कायदा आहे, काका."

काकांचा नाइलाज झाला. पण मुदती निराळ्या म्हणून दोघांची आवारं निराळी, मध्ये कठडा, आणि हात लावायला पुन्हा बंदी. शेवटी काकांच्याच हातून दोघांचा अर्ज गेला:

'आरोग्य मंडळाच्या सन्माननीय अधिकाऱ्यांस विनंती, की अर्जदारांस एकमेकांना एक वेळ हात लावण्याची परवानगी मिळावी, त्यायोगे दोघांचे चाळीस दिवस नव्याने व एकत्र सुरू करण्यात यावेत, आणि ते संपताच हाच अर्ज पुन्हा दाखल झाला असे समजण्यात यावे.'