लुओ गुरुजींचं दार

श्यांग युझेन आजींनी येताना घरून स्वतःचा वाडगा आणला होता. "रिकामा वाडगा घेऊन गावात कोणी फिरतं का?" असं म्हणत त्यांनी डब्यातला भात आणि परतलेली पालेभाजी त्यात काढली आणि त्या अनवाणी गल्लीत शिरल्या.

गल्ली म्हणजे नुसता उजेड होता. यांगत्से नदीच्या काठचं त्यांचं श्यांगवान गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन तीस वर्षं झाली होती. आता ते शहरातल्या स्मृतिदालनात पुन्हा उभं राहत होतं. गावाचं वर्णन करताना म्हातारी माणसं हातचं राखूनच बोलतात. म्हणून इथे पाऊलवाचक जमीन अंथरली होती. पाय कुठे वळतो, कुठे उंबरठ्यासाठी उचलला जातो, हे ती टिपून घ्यायची आणि त्यावरून भिंती, ओटे, पायऱ्या उभ्या करायची.

संध्याकाळी वाडगा हातात घेऊन, जेवत जेवत, या दारातून त्या दारात हिंडायचं ही श्यांगवानची रीत. घरात बसून जेवणारा एक तर आजारी असायचा, नाही तर रुसलेला. आजींना सगळं आठवत होतं. तिखट मुळ्याच्या फोडी, चुलीचा धूर, "ये गं, बघू काय आणलंयस," अशी हाक. भात खाता खाता त्यांचे डोळे भरून आले. किती सुखाचे दिवस होते ते!

पाचव्या दाराशी त्यांचे पाय थबकले. तिथे दार नव्हतंच, संत्र्याचं झाड होतं.

"आजी," यंत्रापाशी बसून दालनाच्या नोंदी घेणारी वेन छिंग म्हणाली, "तुम्हीही इथेच थांबलात. तुमच्या आधी चालून गेलेले अकराही गावकरी इथेच थांबले होते. प्रत्येकाचं वजन पुढे झुकतं, वाडगा पुढे केल्यासारखं, आणि मग सगळे दोन पावलं मागे सरतात. विचारलं तर म्हणतात, मोकळी जागा होती. म्हणून यंत्राने झाड लावून टाकलं. खरंच काही नव्हतं का? आज दुपारी आराखडा कायमचा बंद होईल. मग बदलता येणार नाही."

आजींनी झाडाकडे पाहिलं. अकरा माणसांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. बारावं तोंड त्यांचं. उद्या नातवंडं हे गाव बघायला येणार होती. लाडक्या आजीचं गोड गाव.

"पोरी, इथे लुओ गुरुजींचं घर होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकोच्या हातचं लोणचं गावात कोणाला जमायचं नाही. आम्ही पोरं भात घेऊन आधी इथेच यायचो. गुरुजी सगळ्यांच्या वाडग्यात एकेक फोड घालायचे. मला दोन. मला मणिचौकटीवर मणी सरकवून भराभर हिशेब करता यायचे ना."

"मग?"

"मग सांस्कृतिक क्रांती आली. जुनं ते सगळं गुन्हा ठरलं. गुरुजींकडे जुनी पुस्तकं सापडली. त्यांच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी घालून त्यांना या गल्लीतून फिरवलं. घोषणा द्यायला खणखणीत आवाजाची मुलगी हवी होती. अकरा वर्षांची होते मी. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी आणखी मोठ्याने ओरडले. त्यांना नेलं ते परत आलेच नाहीत. घराच्या विटा सगळ्यांनी वाटून घेतल्या. आमची चूलही त्याच विटांची."

"हे मी नोंदवलं तर तुमच्या नावासकट राहील," वेन छिंग हळूच म्हणाली.

"नोंदव. लाकडी दार होतं. डाव्या बाजूला उघडायचं."

झाड विझलं. विटांची भिंत चढली, ओटा आला, दार आलं. आजींनी नकळत वाडगा पुढे केला.

"आजी, यंत्र विचारतंय, घरात माणूस ठेवायचा का? तुमच्या आठवणीतले गुरुजी तयार करता येतील. दार उघडतील, हसतील, वाडग्यात फोडही घालतील."

हसतील, हे आजींना ठाऊक होतं. त्यांच्याच आठवणीतून घडलेले गुरुजी दुसरं काय करणार? साठ-सत्तर वर्षं त्या याच हसण्यासाठी आसुसल्या होत्या. पण क्षमा करायची की नाही, हे खऱ्या गुरुजींना कोणी विचारलं होतं?

वाडगा पुढे केलेलाच होता. दार अजून बंद होतं, आणि वेन छिंग उत्तराची वाट बघत होती.